खात्रीआजी

खात्रीआजी फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘बोला, कुठून?’ असं विचारत. नाशिकच्या एका दैनिकात आधी उपसंपादक आणि मग मुख्य उपसंपादक म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. तिथे फोन वाजला की पलीकडे कुठल्या तरी तालुक्याचा वार्ताहर असायचा. तो कुठून बोलतोय हे कळलं की त्याच्या बातमीवर कितपत विसंबायचं ते ठरायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ही सवय सुटली नव्हती. नेदरलँड्समधल्या झूटरमेरला मुलीच्या घरी पार्सलवाल्याचा फोन आला, तेव्हा त्यांनी इंग्रजीत तोच प्रश्न विचारला, ‘येस, फ्रॉम व्हेअर?’ त्या बिचाऱ्याने आपल्या गावाचं नाव सांगितलं.

त्यांचं खरं नाव नलिनी. माझी मैत्रीण अनघा हिच्या त्या आई, म्हणून मी त्यांना काकू म्हणे. ‘खात्रीआजी’ हे नाव पाडलं त्यांच्या नातीने, सहा वर्षांच्या रेवाने. रेवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते डचमध्ये. त्यामुळे आजी आणि नात यांचं संभाषण ऐकण्यासारखं असायचं. एकदा रेवा शाळेतून सांगत आली की वर्गातल्या एका मुलाच्या घरी घोडा आहे. आजी म्हणाल्या, ‘खात्री केलीस?’ रेवा म्हणाली, त्यानेच सांगितलं. ‘तो सांगेलच गं. घोडा त्याचा आहे. दुसऱ्या कुणी बघितलाय?’ दुसऱ्या दिवशी रेवा हिरमुसून आली. घोडा त्याच्या मामाचा निघाला, आणि तोही घोडा नव्हता, तट्टू होतं. आजींनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, ‘रडायचं काय त्यात? उलट आता तुझी बातमी पक्की झाली. मामाचं तट्टू. हे कुणी खोडून दाखवू दे.’ त्या दिवसापासून रेवा आणि तिच्या मैत्रिणी त्यांना खात्रीआजी म्हणू लागल्या, आणि हळूहळू आम्ही मोठी माणसंही.

त्या आल्या होत्या तीन महिन्यांसाठी, दोन हजार वीसच्या मार्चमध्ये, होळीच्या जरा आधी. आठवडाभरात इथल्या शाळा बंद झाल्या, मग तिकडची विमानं बंद झाली आणि काकू झूटरमेरच्या त्या रांगेतल्या घरात अडकल्या. दुसरं कुणी असतं तर देवधर्म किंवा मालिका यांत मन रमवलं असतं. काकूंनी अनघाकडे येणारा डच पेपर वाचायला घेतला. डच येत नव्हतं. फोनवरचं भाषांतर आणि एक जुना शब्दकोश एवढ्यावर चाललं होतं. पहिलं पान त्या शेवटी वाचत. आधी शोधत आतल्या पानाच्या कोपऱ्यातली चुकांच्या दुरुस्त्यांची चौकट. ‘पेपर बरा दिसतोय,’ त्या मला म्हणाल्या. ‘चूक कबूल करतो. पण चूक मोठ्या अक्षरात आणि दुरुस्ती मुंगीएवढी. म्हणजे सगळीकडे सारखंच की.’

त्याच सुमाराला आमचं ‘कालवा’ सुरू झालं होतं. कालवा म्हणजे इथल्या मराठी माणसांसाठी एक छोटं बातमीपत्र, इंटरनेटवरचं. ते काढलं मंदारने. हा आइंडहोव्हनला चिपच्या यंत्रांवर काम करणारा इंजिनिअर, हुशार, मेहनती आणि कमालीचा उत्साही. टीव्हीवर इथल्या पंतप्रधानांची पत्रकार परिषद व्हायची, तिचं मराठी सार तासाभरात लोकांपर्यंत पोचलं पाहिजे, असा त्याचा ध्यास होता. मला डच बऱ्यापैकी यायचं, म्हणून भाषांतर माझ्याकडे आलं. मी लायडनच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करायची, राहायला लायडस्खेनडाममध्ये, आणि लॅब निम्मी बंद असल्याने वेळ होता. बघता बघता कालव्याला इथलेच नव्हे तर बेल्जियम आणि जर्मनीतले वाचक मिळाले. आमचे पुण्या-मुंबईचे नातेवाईकही वाचायला लागले.

काकू कालव्यात आल्या त्या तक्रार घेऊन. मंदारने एक बातमी टाकली होती: इथले डॉक्टर सत्तरीपुढच्या रुग्णांना अतिदक्षता विभागात घेणार नाहीत. काकूंसारख्या इथे अडकलेल्या आई-वडिलांची झोप उडाली. काकूंनी मंदारला फोन केला. ‘मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि याच देशात बसले आहे. त्यामुळे मला हे नीट कळलं पाहिजे. ही बातमी कुठून आली?’ मंदार म्हणाला, बऱ्याच ठिकाणी आली आहे. ‘बऱ्याच ठिकाणी आली की एकाच ठिकाणाहून बऱ्याच ठिकाणी गेली?’ मग त्यांनी अनघाला बसवून घरच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. उत्तर मिळालं ते असं: फार थकलेल्या, आजारी वृद्धांना डॉक्टर आधीच विचारून ठेवतात की तशी वेळ आली तर यंत्रावर जायची तुमची इच्छा आहे का. विचारणं वेगळं आणि नाकारणं वेगळं. काकूंनी दुरुस्ती स्वतः लिहून दिली आणि मंदारने ती मूळ बातमीच्याच जागी, तेवढ्याच अक्षरात लावली. वर त्याने काकूंना विनंती केली की आमच्यासाठी एक सदर बघा. सदराचं नाव ठेवलं ‘पडताळणी’. फिरत आलेल्या बातम्या, दावे, फोटो तपासायचे आणि त्यांवर शिक्का मारायचा. हिरवा म्हणजे खरं, पिवळा म्हणजे अर्धसत्य, लाल म्हणजे खोटं.

काकूंचा दिवस पालटला. सकाळी चहा झाला की त्या बागेकडच्या खोलीत टेबलाशी बसत. कानाला कमी ऐकू येई म्हणून फोन स्पीकरवर असे, आणि त्यांच्या चौकश्या शेजारच्या डच आजोबांनाही ऐकू जात. हळदीच्या पाण्यापासून मोबाइलच्या टॉवरपर्यंत सगळं त्यांनी धसाला लावलं. ‘आमच्या पेपरात कुणी एका फोनवर मरत नसे,’ असं त्या सांगत. निधनाची बातमी आली की घरच्या माणसाशी बोलल्याशिवाय सोडायची नाही, मग तो मोठा पुढारी असो की निवृत्त शिक्षक. एका गावच्या वार्ताहराने घाईत एका हयात सरपंचाची श्रद्धांजली पाठवली होती म्हणे. काकूंनी घरी फोन केला तर सरपंचांनीच उचलला. ‘मी काय बोलणार? म्हटलं, प्रकृती कशी आहे? ते म्हणाले, उत्तम. मी म्हटलं, एवढंच विचारायचं होतं.’

मंदार त्यांच्यावर खूश होता. त्याही त्याच्यावर. त्याला त्या ‘आमचा संपादक’ म्हणत, आणि त्यात चेष्टा नसे. म्हणून पुढे जे झालं ते दोघांनाही जड गेलं.

आम्ही कालव्यात इथलं राजकारण फारसं घेत नसू, पण भारतातलं घेत होतो. वाचकांचा जीव तिकडेच होता. मंदारची मतं कुणापासून लपलेली नव्हती. एका पक्षावर त्याचा राग होता, दुसऱ्याबद्दल आशा होती. त्यात गैर काही नाही. पडताळणीत आम्ही जे छापलं ते सगळं खरंच होतं, आजही कुणी तपासावं. वाकडेपणा छापलेल्या गोष्टींत नव्हता. काय तपासायला घ्यायचं आणि कुठवर तपासल्यावर छापायचं, यात तो शिरला होता. नावडत्या पक्षाच्या माणसाचा दावा आला की एका फोनवर काम भागायचं आणि दुपारी लाल शिक्का झळकायचा. आवडत्या पक्षाचा असला की मंदार म्हणायचा, आणखी एक जण बघा. तो बघितला की म्हणायचा, सरकारी दुजोरा मिळेल का? तो मिळेपर्यंत विषय शिळा व्हायचा. हे तो मुद्दाम करत नव्हता. त्याला ती काळजी वाटायची.

माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. काकूंच्या आलं, कारण त्यांची एक वेगळीच रीत होती. कुठलीही कॉपी, म्हणजे छापायचा मजकूर, सोडण्याआधी त्या ती नावं बदलून वाचत. मलाही शिकवलं होतं. ‘जिथे त्यांचं नाव आहे तिथे आपल्या माणसाचं घाल आणि परत वाच. आता तुला आणखी एक फोन करावासा वाटतोय का? वाटत असेल तर तो फोन आधीच करायला हवा होता.’ हे ऐकायला सोपं वाटतं. मी एकदा करून बघितलं आणि माझीच मला लाज वाटली, इतक्या ठिकाणी हात अडखळला.

जुलैमध्ये काकूंनी एक प्रकरण पूर्ण केलं. मंदारच्या आवडत्या पक्षाची सत्ता असलेल्या एका शहरात चाचण्यांची नवी प्रयोगशाळा सुरू झाल्याची बातमी होती, फीत कापतानाच्या फोटोसह. काकूंनी तिथल्या तिघांशी बोलून घेतलं. फीत कापली होती हे खरं, पण यंत्र अजून आलंच नव्हतं. नमुने पूर्वीसारखेच दुसऱ्या शहरात जात होते. मजकूर तयार होता आणि मंदारकडे पडून होता. रविवारी सकाळी आमची बैठक व्हायची, प्रत्येक जण आपापल्या पडद्यावर. तिथे काकूंनी विषय काढला.

‘मंदार, प्रयोगशाळेचं काय झालं?’

‘काकू, जरा थांबू या. यंत्र आठवड्याभरात येईलही. लोक आधीच घाबरलेत, त्यांचा धीर कशाला खचवायचा?’

‘मागच्या आठवड्यात आपण त्या दुसऱ्यांच्या रुग्णवाहिकांच्या दाव्यावर लाल शिक्का मारला. तेव्हा लोक घाबरलेले नव्हते का?’

मंदार हसला, पण जरा अवघडून. ‘ते खोटं बोलतातच जास्त, काकू. त्याला मी काय करू?’

‘बोलत असतील,’ काकू म्हणाल्या. ‘माझं म्हणणं नाही की सगळे सारखेच खोटारडे असतात. पण कोण जास्त बोलतो हे मोजल्यावर कळणार ना? आणि मोजायचं तर माप एक लागतं. तू एकाला फुटाने मोजतोस आणि दुसऱ्याला वितीने.’

बैठकीत आम्ही सात-आठ जण होतो. मंदारचा चेहरा लाल झाला होता. मग तो जे बोलला ते त्याने बोलायला नको होतं. ‘काकू, स्पष्टच सांगतो. तुमचे भाऊ त्या पक्षाचे नगरसेवक आहेत. म्हणून तुम्हाला हे असं दिसतं.’

‘आहे,’ काकू म्हणाल्या. ‘म्हणूनच महिनाभर गप्प बसले. आधी स्वतःला तपासलं आणि मग बोलले.’ एवढं म्हणून त्यांनी अनघाला हाक मारली, कारण बैठकीतून बाहेर कसं पडायचं ते त्यांना येत नसे. अनघा येईपर्यंत त्या तशाच, आमच्या समोर, मान खाली घालून बसून होत्या. ते मला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सायकलने झूटरमेरला गेले. तळ्याकाठी एका बाकाच्या दोन टोकांना आम्ही दोघी बसलो, मधे दीड मीटर. मी म्हटलं, मंदारच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका. ‘तो बोलला त्याचं नाही गं वाईट वाटलं,’ त्या म्हणाल्या. ‘तो चुकीचं बोलला नाही याचं वाटलं. माझं माहेर त्या पक्षाचंच. वडील प्रचाराला सायकलवरून गावोगाव जायचे. माझा भाऊ भास्कर तर त्यातच वाढला. उद्या त्याच पक्षाचं काही समोर आलं तर माझा हात अडखळणार नाही असं मी छातीवर हात ठेवून कसं सांगू? तशी वेळच आली नाही कधी. डेस्कवर असताना त्याच्या गावची बातमी आली की मी ती शेजारच्याकडे सरकवायची.’

ती वेळ जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आली. भास्करमामांनी समाजमाध्यमांवर एक फोटो टाकला. आपल्या तालुक्याच्या गावी, शाळेच्या सभागृहात, त्यांनी कोविड केंद्र उभं केलं होतं. ओळीने खाटा, प्रत्येक खाटेशी प्राणवायूचा सिलिंडर. कालव्याच्या वाचकांच्या गटातही तो फिरला. लोक ‘असे लोकप्रतिनिधी हवेत’ म्हणून हात जोडत होते. मी तेव्हा काकूंच्या बागेत बसले होते. त्यांनी फोटो मोठा करून बघितला. ‘ही आमची शाळा नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या सभागृहाला दोन्ही बाजूंनी लोखंडी गजाच्या खिडक्या आहेत. मी तिथे दहावीपर्यंत शिकले. या सरकत्या काचा कुठून आल्या?’

भावाला फोन लावला तेव्हा मी उठायला लागले. त्यांनी मला बसायची खूण केली.

‘भास्कर, फोटो कुठला आहे?’

‘अगं आक्का, तिकडे पोचला? बघितलंस ना, कसं काम केलंय!’

‘फोटो कुठला आहे?’

पलीकडे थोडी चुळबुळ. ‘आमच्या पोरांनी टाकला. असेल कुठला तरी. फोटोचं काय घेऊन बसलीस? केंद्र आहे ना!’

‘किती खाटा आहेत?’

‘आहेत की. लोक जेवतायत, औषधं मिळतायत.’

‘सिलिंडर?’

‘येणार आहेत. मागणी केलीय.’

‘म्हणजे नाहीत.’

‘आक्का, तू पेपरवाली म्हणून विचारतेयस की बहीण म्हणून?’

काकूंनी डोळे मिटले. ‘पेपरवाली म्हणून. आणि बहीण म्हणून सांगते, तो फोटो काढून टाक. रात्री कुणाचा श्वास अडकला तर तो माणूस त्या फोटोच्या भरवशावर तुझ्या दारात येईल.’

फोन बंद झाला. त्यांनी केला की मामांनी, मला कळलं नाही. मग त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि केंद्रावरच्या एका परिचारिकेला फोन केला. दोन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. केंद्र होतं. फोटोतल्याच्या निम्म्याहून कमी खाटा होत्या. प्राणवायू नव्हता. पण सकाळी डॉक्टर येत होते, दोन्ही वेळचं जेवण मिळत होतं आणि गोरगरिबांची मोठी सोय झाली होती. भास्करमामा स्वतः रोज तिथे जात होते. काकूंनी हे सगळं, जेवणासकट, लिहून काढलं आणि मंदारला पाठवलं.

मंदार त्या शनिवारी आगगाडीने, तोंडाला मास्क लावून, आइंडहोव्हनहून झूटरमेरला आला. हे माणसाचं मोठेपण म्हणायचं. फोनवर भागलं असतं. बागेत एका टोकाला तो बसला, एका टोकाला काकू, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात. अनघाने चहा आणून ठेवला. मंदारने आधी बैठकीतल्या बोलण्याची माफी मागितली. काकू म्हणाल्या, ‘ते राहू दे. कॉपी काढ.’

त्याने मथळा केला होता: ‘नगरसेवकाचे बिंग फुटले’. शिक्का लाल.

‘बिंग काढ,’ काकू म्हणाल्या. ‘बिंग फुटलं हे आपलं मत झालं. फोटो दुसऱ्या जागेचा आहे, एवढं आपल्याला माहीत आहे. आणि शिक्का पिवळा.’

मंदारने चहाचा कप खाली ठेवला. ‘काकू, फोटो खोटा आहे.’

‘फोटो खोटा आहे. केंद्र खोटं नाही. वाचणाऱ्याला दोन्ही कळलं पाहिजे. तिथे जेवण मिळतं हेही कळलं पाहिजे आणि तिथे प्राणवायू मिळत नाही हेही.’

‘लोक म्हणतील, भावाला वाचवलं.’

‘म्हणतील ना. तिकडे भाऊ म्हणेल, बहिणीने बुडवलं. तो माझा भाऊ आहे म्हणून कमी लिहायचं नाही, हे मला कळतं. पण माझा भाऊ आहे म्हणून जास्तही लिहायचं नाही, हे तुला कळलं पाहिजे.’ त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. ‘तू एक कर. भास्करच्या जागी तुझ्या पक्षाच्या माणसाचं नाव घाल आणि वाच. मग जो शिक्का मारावासा वाटेल तो मार. मी बोलणार नाही.’

मंदारने लॅपटॉप मांडीवर घेतला. तो वाचत होता आणि ओठ हलत होते. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडे झाडांना पाणी घालत होते, तेवढाच आवाज. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘पिवळा.’ आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, ‘प्रयोगशाळेचंही पिवळंच होईल मग. इमारत आहे, यंत्र नाही.’

‘मला काय विचारतोस? संपादक तू आहेस.’

दोन्ही मजकूर त्याने एकाच दिवशी, शेजारी शेजारी लावले. दोन्हींचा मथळा सारख्याच अक्षरात, दोन्हींवर पिवळा शिक्का. त्यानंतरचा आठवडा मी विसरणार नाही. मंदारच्या मित्रांनी त्याला फितूर म्हटलं. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, नगरसेवकाला सोडून दिलं. दोघं जण आमचं काम सोडून गेले, वाचकही बरेच गळले. कालव्याला त्यानंतर पूर्वीसारखी गर्दी कधी झाली नाही. पण एक बदल टिकला. पुढे कालवा चालू होतं तोवर मंदार पडताळणीचा शिक्का ठरवताना मजकुरातलं पक्षाचं नाव झाकून आम्हा सगळ्यांना पाठवायचा. शिक्का ठरला की मगच नाव उघड व्हायचं. कितीतरी वेळा नाव बघून आमची तोंडं उतरली.

भास्करमामांनी फोटो काढून टाकला आणि बहिणीशी बोलणंही टाकलं. राखीपौर्णिमा त्याच सुमाराची. दरवर्षी त्यांचा फोन पहिला यायचा. त्या वर्षी काकूंनीच लावला. तो मामींनी उचलला आणि ‘हे बाहेर गेलेत’ म्हणाल्या. मागे मामांचा खोकला ऐकू येत होता. काकू हसून म्हणाल्या, ‘बाहेर गेलाय म्हणतेस? बरं. आला की सांग, आक्काने फोन केला होता.’ हे त्यांनी मला सांगितलं तेव्हाही त्या हसतच होत्या, पण मग उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. अनघा मला म्हणाली, ‘आईने हे करायला नको होतं गं. तिला एवढा एकच भाऊ आहे.’ मला आजही ठरवता येत नाही.

ऑगस्टच्या अखेरीला खास विमानांतलं एक तिकीट मिळालं. व्हिसाची मुदतवाढही संपत आली होती. स्खिपोलला आम्ही तिघी आणि रेवा. विमानतळ इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. काकूंनी मास्क लावला होता, वर प्लॅस्टिकची ढाल, आणि त्या ढालीवर त्यांच्या श्वासाचं धुकं जमत होतं. अनघा म्हणत होती, मुंबईतलं विलगीकरण झालं की सरळ नाशिकच्या घरी जा. काकू म्हणाल्या, ‘नाही. आधी भास्करकडे.’

‘आई, त्याने बोलावलं नाहीये.’

‘माहेरी जायला बोलावणं कशाला लागतं?’

‘आणि दार नाही उघडलं तर?’

‘तर मुख्याध्यापकांकडे राहीन. पण उघडेल. आमचं भांडण बातमीवरून झालंय, इस्टेटीवरून नाही.’ रेवाने त्यांच्या कमरेला मिठी मारली. मिठी मारायची नाही असा नियम होता. तिला कुणी अडवलं नाही.

त्यांचा फोन आला तो सप्टेंबरमध्ये. मी लायडनला लॅबच्या बाहेर उभी राहून डबा खात होते. आवाज खणखणीत होता. दार मामींनी उघडलं होतं. भास्करमामा झोपाळ्यावर बसले होते, ते उठले नाहीत. ‘ये’ही म्हणाले नाहीत. जेवताना दोघं समोरासमोर बसले. मामी वाढत होत्या आणि दोघंही मामींशीच बोलत होते. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी काकू चहा घेत होत्या, तेव्हा मामा आले आणि त्यांनी एक कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. केंद्रात सिलिंडर आले होते आणि मामांनी वर्तमानपत्रांना द्यायला निवेदन लिहिलं होतं. ‘पाठवायच्या आधी बघ जरा,’ एवढंच म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

‘मग?’ मी विचारलं. माझा घास हातातच राहिला होता.

‘मग काय! केंद्रावर जाऊन सिलिंडर बघून आले. आहेत, चांगले आहेत. निवेदनातली तीन विशेषणं खोडली. “अहोरात्र झटणारे” काढलं. त्याने ते परत घातलं. मी परत खोडलं. आता म्हणतोय की निदान “झटणारे” तरी राहू दे.’

‘ठेवणार का?’

‘बघते,’ खात्रीआजी म्हणाल्या. ‘परिचारिकेला विचारलंय. ती म्हणाली, पहाटेसुद्धा येतो. म्हणजे “झटणारे” ठेवायला हरकत नाही.’